रात्रपाळीच्या ओव्या

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या अलीकडे एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर माझा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. खाली आणि मागच्या गल्लीत यंत्रमाग. भिंतींना कितीही कापूस न् फोम लावला तरी मागांची थरथर जमिनीतून वर येते आणि माइक ती बरोबर पकडतो. म्हणून आवाजाचं काम मी माग बंद असतात तेव्हाच घेतो. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेआधी सिद्धरामेश्वरांची गाणी, एप्रिल जवळ आला की भीमगीतं, दिवाळी उलटली की नाताळची गीतं, असं माझं वर्ष ठरलेलं असतं. ईस्टरच्या आधी दुःखसप्ताहाची गीतं घेऊन थोडे लोक येतात. त्यांची मी वाट बघत असतो, कारण माझे वडील आमच्या चर्चमध्ये पेटी वाजवायचे आणि त्या आठवड्यातल्या चालींवरच माझा कान तयार झाला.

हल्ली गाण्याचा व्हिडिओ निघतो आणि त्याच्या सुरुवातीला गीतकाराचं निवेदन असतं : या गीतामागची प्रेरणा. तेही माझ्याकडेच रेकॉर्ड होतं. आजवर ऐकलेल्या बहुतेक निवेदनांचं पहिलं वाक्य एकच, ‘हे गीत मला प्रभूने दिलं.’ त्यावर माझा विश्वास आहे. वडीलही नवी चाल सुचली की पेटीचा भाता मिटून आधी हात जोडायचे. पण ऐकणाऱ्याला त्या वाक्यातून पुढे काहीच मिळत नाही. कधी दिलं, कुठे, तेव्हा तुमच्यासमोर कोण होतं? हे कुणी सांगत नाही, आणि मला वाटतं, गाणं नेमकं तिथेच असतं.

त्या दिवशी झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार, होऊन गेला होता. ऊन इतकं, की सकाळी दहालाच जिना तापलेला. विजापूर रोडकडून एक तरुण आपल्या मावशीला रिक्षाने घेऊन आला. तो त्यांच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, तरुण संघाचा गिटारवाला, माझ्या ओळखीचा. मावशी सत्तरीच्या, निवृत्त परिचारिका. पांढरी सुती साडी, हातात कापडी पिशवी, तिच्यात बायबल आणि एक वही. मी त्यांना सिस्टर म्हणालो. त्या म्हणाल्या, “म्हण की बाळ. सगळा जन्म तेच ऐकलंय.”

वहीत तीन ओव्या होत्या, एवढंच गाणं.

पहिली माझी ओवी गं, रात्रपाळीच्या देवाला
सारा वॉर्ड निजला, तूच जागा सोबतीला

दुसरी माझी ओवी गं, खाटेवरच्या लेकाला
श्वास मोजते माउली, बोट लावुनी नाकाला

तिसरी माझी ओवी गं, तिच्या रित्या त्या ओटीला
शब्द मला फुटेना, तूच ये रे भेटीला

भाच्याच्या डोक्यात वेगळा आराखडा होता. कीबोर्डवर लांब पसरलेले स्वर, मागून ड्रम, आणि शेवटी चौथं कडवं : कबर रिकामी, मरण हरलं, हालेलुया. ते कडवं त्याने स्वतः लिहून आणलं होतं आणि वाईट लिहिलं नव्हतं. “दादा, गाणं दुःखात कसं संपवायचं? लोक आशेसाठी ऐकतात,” तो म्हणाला. सिस्टर काही बोलल्या नाहीत. पाण्याचा घोट घेतला आणि आत गेल्या.

पंखा बंद केला, एसी बंद केला. माइकला दोन्हींचा आवाज येतो, त्यामुळे आमच्याकडे गाणारा उन्हाळ्यात घामानं निथळतोच. हेडफोन लावून क्लिक सुरू केला, म्हणजे तालाची टकटक. चार मात्रांचं चक्र, कीबोर्डवाल्याला सोयीचं. सिस्टर पहिली ओळ म्हणायच्या आणि दुसऱ्या ओळीला क्लिकच्या पुढे निघून जायच्या. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. मग त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिला. “हे घड्याळ काढ बाळ कानातून. माझ्या आजीच्या जात्याला घड्याळ नव्हतं.”

मी त्यांना खाली सतरंजीवर बसवलं, माइक खाली घेतला आणि हातभर लांब ठेवला. त्यांनी पाय पसरून बसायची रीत घेतली, उजवा हात खुंट्यावर असल्यासारखा धरला आणि गायला सुरुवात केली. तेव्हा गोष्ट उलगडली. जातं ओढताना जोर लागतो, तो अर्धा फेरा लांबतो. परतीचा फेरा आपसूक येतो, तो आखूड. ओवीतला विसावा त्या लांबलेल्या अर्ध्या फेऱ्यावर पडत होता. चार सारख्या मात्रांत हे बसणं शक्यच नव्हतं. सूर पेटीच्या काळी दोनच्या आसपास, मधूनच खाली सरकणारा. अंग पुढेमागे होत होतं तसा आवाज माइकजवळ यायचा आणि लांब जायचा. कीबोर्डवाल्या पोराने आपणहून सगळे स्वर सोडले आणि नुसता षड्ज, म्हणजे सा, धरून ठेवला. त्या पोराचं मला फार कौतुक वाटलं.

आजी म्हणजे १९००च्या दुष्काळात मिशनच्या आश्रयाला आलेली पोर. नंतर ती बायबलबाई झाली आणि गल्लोगल्ली बायकांमध्ये बसून येशूच्या गोष्टी ओवीतून सांगायची. सिस्टरनी हे मधल्या चहाला सांगितलं आणि मला वडिलांचं एक म्हणणं आठवलं. इंग्रजी चालीवर बसवलेल्या मराठी गीतात शब्द नको तिथे तुटतो, ऱ्हस्व अक्षरावर लांब सूर येतो, आणि गाणारा मनानं परका होतो. नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी कीर्तनातून देशी चाली मंडळीत रुळवल्या. कवी नारायण वामन टिळक १८९५मध्ये ख्रिस्ती झाले, ते तुकोबांचं बोट धरूनच आले असं ते स्वतः मानायचे, आणि त्यांनी अभंग न् ओवीची वाट मोठी केली. १९१९मध्ये ते गेले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरं होतं. येशूच्या चरित्राचं ते काव्य त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने ते ओवीबद्ध काव्य तडीस नेलं. आमच्या सोलापुरातल्या तेलुगू मंडळ्यांचीही हीच तऱ्हा. तेलुगू ख्रिस्ती कवी पुरुषोत्तम चौधरींच्या (१८०३–१८९०) कीर्तनांचा वारसा त्यांच्याकडे आहे. विडी वळणारी बाई ते रागदारीतलं पद पाठ म्हणते, कारण ते तिच्या तोंडात बसतं. गाणं ज्याच्या तोंडी जायचं त्याची जीभ ओळखणं, हा प्रेरणेचा अर्धा भाग आहे असं माझं ठाम मत आहे.

ओव्या झाल्या. सूर जिथे सरकला तिथे कॉम्प्युटरवर सरळ करता येईल का, असं भाच्याने विचारलं. मी नाही म्हणालो. मग निवेदनाची वेळ आली.

सिस्टर खुर्चीवर बसल्या. मी लाल दिवा लावला. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाल्या, “हे गाणं मला प्रभूने दिलेलं नाही. एका बाईने मागितलं होतं.”

भाचा माझ्या शेजारी काचेच्या अलीकडे बसला होता, तो दचकला. बोलण्याचं बटण दाबून म्हणाला, “मावशी, असं नको गं म्हणू. लोक काय म्हणतील? मंडळीत दाखवायचंय.”

त्या क्षणभर थांबल्या. “बरं. मग प्रभूने मागितलं म्हणते. तोच होता की तिथं.”

बायबलमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पंचविसाव्या अध्यायात राजा म्हणतो की, मी आजारी होतो आणि तुम्ही माझ्याकडे आलात. आणि लोक विचारतात, कधी आलो आम्ही? रविवारच्या शाळेपासून पाठ असलेलं ते. पण ज्या बाईने हयातभर बेडपॅन उचलले तिच्या तोंडून ते इतक्या सहज, बोलता बोलता आलं, की माझा हात आवाजाच्या फेडरवर तसाच राहिला. देणारा देव आमच्या गाण्यांत भरपूर आहे. मागणारा देव मी पहिल्यांदा ऐकत होतो.

पुढे त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच क्रमाने देतो. एका मोठ्या रुग्णालयात नोकरीच्या सुरुवातीची वर्षं, पुरुषांच्या वॉर्डात रात्रपाळी. कर्नाटकातल्या इंडीकडच्या एका खेड्यातून मेंदूज्वराचा पोरगा आला होता, सोबत फक्त आई. निम्मी कानडी, निम्मी मराठी बोलायची. मध्यरात्री तिने विचारलं, “बाई, तुमचा देव रात्रीचा झोपतो का ओ?” सिस्टरना बायबलमधलं १२१वं स्तोत्र तोंडपाठ. राखणारा डुलकी घेत नाही, झोपत नाही, हे त्यातच आहे. “वचन ओठावर आलं होतं. पण पोराचा श्वास बघितला आणि गिळलं. त्या वेळेला ते बोलणं म्हणजे तिला गप्प करणं झालं असतं.” मग ती आई म्हणाली, “तुम्ही लोक गाता की ओ. काहीतरी म्हणा.” चर्चमधलं एकही गीत सिस्टरना त्या वेळी योग्य वाटेना. त्यांनी आजीच्या जात्याचा सूर धरला आणि आले ते शब्द घातले. ती पहिली ओवी. पहाटे पोरगा गेला. आई त्याच्याबरोबर गावाकडे गेली आणि पुन्हा कधी भेटली नाही.

दुसरी ओवी पुष्कळ वर्षांनी आली, त्यांचा स्वतःचा मुलगा गोवराच्या तापात होता तेव्हा. रात्री त्याच्या नाकाशी बोट नेताना त्यांच्या लक्षात आलं, की त्या बाईने रात्रभर हेच केलं होतं. परिचारिका म्हणून त्या घड्याळ लावून श्वास मोजत होत्या. ती बोट लावून मोजत होती.

तिसऱ्या ओवीची पहिली ओळ वहीत कितीतरी काळ एकटी पडून होती. दुसरी ओळ २०२१मध्ये लागली. “माझी धाकटी बहीण कोरोनाच्या वॉर्डात होती. सगळा जन्म वॉर्डात काढलेल्या मला दारावर थांबवलं. नियमच होता तो, थांबवणाऱ्याचा दोष नाही. आत जाता येईना, फोनवर तिला बोलता येईना. मी फाटकाशी उभी राहून एवढंच म्हणाले, मला नाही सोडत, तूच ये भेटीला.”

ती धाकटी बहीण म्हणजे माझ्या शेजारी बसलेल्या पोराची आई. फाटकाशी झालेलं ते बोलणं त्याला ठाऊक नव्हतं. मावशी फाटकाशी उभी होती एवढं त्याला माहीत होतं. ती तिथे काय म्हणाली हे त्याने काचेअलीकडे, स्पीकरवर पहिल्यांदा ऐकलं. मी रेकॉर्डिंग थांबवलं नाही, कारण त्या अजून बोलत होत्या.

“चौथं कडवं माझा भाचा मागतोय,” त्या म्हणाल्या. “त्यात लिहिलंय ते खरंच आहे. मी रोज त्याच आशेवर उठते. पण ती बाई मला परत भेटली नाही. तिच्या ओटीत पुढे काय पडलं ते मला माहीत नाही. तिच्या वतीनं मी हालेलुया कशी म्हणू?”

आमच्या मंडळ्यांत ही गोष्ट अवघड जाते. दुःखाचं गीत सुद्धा शेवटी जयजयकारावर यावं असा एक अलिखित दंडक आहे. पण दीडशे स्तोत्रांतली कितीतरी विलापाची आहेत, आणि ८८वं तर अंधारातच संपतं. ते कुणी वगळलं नाही, त्याला शेवट जोडला नाही. पिढ्यान्‌पिढ्या तसंच म्हटलं जातं. गुड फ्रायडेला आम्ही वधस्तंभावरचे सात उद्गार ऐकतो. त्यातला चौथा, ‘माझा त्याग का केलास’, ही २२व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. म्हणजे येशूच्या तोंडीही त्या घटकेला एक जुनं गाणं आलं, आणि तेही प्रश्नाचं. ज्या विश्वासात असा प्रश्न गाता येतो, त्यात तीन ओव्यांचं अपुरं गाणं बसतंच. बसायलाच हवं. आशा खोटी पडेल या भीतीने आपण तिला लवकर बोलावतो, असं मला त्या दुपारी जाणवलं.

भाचा बराच वेळ खाली बघत होता. मग म्हणाला, “दादा, चौथं नको. आणि ड्रमपण नको.” आत जाऊन तो मावशीच्या शेजारी सतरंजीवर बसला. मी पंखा लावला आणि कीबोर्डवाल्याला चहा आणायला पाठवलं.

मिक्सिंगला मी फार कमी हात लावला. षड्ज हलका ठेवला, गुडघ्यावर थाप पडत होती ती राहू दिली, दोन ओव्यांमधला श्वास कापला नाही. निवेदनही पहिल्या वाक्यापासून आहे तसं ठेवलं, भाच्याची हरकत तेवढी काढली. गुड फ्रायडेला तीन तासांच्या उपासनेत चौथ्या उद्गारानंतर ते लावलं गेलं. पाळकसाहेबांनी त्यावर काही भाष्य केलं नाही, नुसता वेळ दिला. ते मला फार योग्य वाटलं.

ईस्टर झाल्यावर भाच्याचा फोन आला. कुंभारीच्या विडी कामगारांच्या घरकुलातून एका बाईने त्याला आवाजी निरोप पाठवला होता. मराठी तेलुगू वळणाची, मागे लेकराची किरकिर. तिने सिस्टरच्याच सुरात पुढची ओवी म्हटली होती :

चौथी माझी ओवी गं, विड्या वळत्या बोटाला
हजार मोजून झाले, आता दे घास पोटाला

सिस्टरनी तो निरोप पुन्हा पुन्हा ऐकला म्हणे. मग भाच्याला सांगितलं, की ही ओवी त्या बाईच्याच आवाजात घ्यायची, माझ्या आवाजात नको, आणि नावही तिचंच लावायचं. ती कारखान्यात विड्या देऊन मोकळी होईल ती वेळ कळवते म्हणाली आहे. माग कधी बंद असतात ते मी त्यांना सांगून ठेवलंय.