पुसला जाणारा पट्टा

पेशीविभाजन आपण शाळेत चार चित्रांत शिकतो: पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था आणि अंत्यावस्था. ती चित्रे मीही वहीत अनेकदा काढली, पण दोन चित्रांच्या मध्ये जो बाण काढायचा असे, त्याचा अर्थ कोणी विचारला नाही आणि मलाही तेव्हा विचारावासा वाटला नाही. मध्यावस्थेतून पश्चावस्थेत गेलेली पेशी कधी माघारी का येत नाही, या प्रश्नाचे उत्तर त्या बाणात दडलेले आहे. पेशी तिथे एक प्रथिन मोडून टाकते. आणि मोडलेले प्रथिन पुन्हा जोडता येत नाही, ते नव्यानेच घडवावे लागते.

ही गोष्ट प्रथम दिसली ती 1982 साली, अमेरिकेतील वुड्स होल येथील सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेत. टिम हंट यांनी सी अर्चिन या सागरी प्राण्याच्या फलित अंड्यांना किरणोत्सारी मेथिओनिन (प्रथिनांत गुंफले जाणारे एक अमिनो आम्ल) दिले, थोड्या थोड्या वेळाने नमुने काढले आणि त्यांतील प्रथिने जेलवर वेगळी केली; तिथे प्रत्येक प्रथिन एका पट्ट्याच्या रूपात दिसते. नवी प्रथिने सतत तयार होत असल्याने प्रत्येक पट्टा वेळेबरोबर गडद होत जावा, अशी अपेक्षा होती, आणि बहुतेक पट्टे तसे झालेही. एक पट्टा मात्र गडद होत होत अंडे दुभंगण्याच्या थोडे आधी जवळपास पुसला गेला, नंतर पुन्हा उमटू लागला आणि पुढच्या विभाजनाच्या वेळी पुन्हा नाहीसा झाला. या प्रथिनाला सायक्लिन हे नाव मिळाले. ते सीडीके नावाच्या विकराला चिकटून त्याला कार्यान्वित करते, आणि हा विकर इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडून पेशीला विभाजनात ढकलतो.

पण पट्टा नाहीसा होणे हे कारण आहे की नुसती खूण? या प्रश्नाचा निकाल ज्या प्रयोगांनी लावला, ते मला मूळ शोधाइतकेच देखणे वाटतात. 1989 मध्ये अँड्र्यू मरे आणि मार्क कर्शनर यांनी बेडकाच्या अंड्यांच्या अर्कातील सगळा संदेशवाहक आरएनए, म्हणजे प्रथिने घडवण्याचा आराखडा, नष्ट केला आणि त्यात केवळ सायक्लिनचा आरएनए घातला. तेवढ्यावर त्या अर्काचे चक्र पुन्हा फिरू लागले. म्हणजे नव्याने बनवावे लागणारे प्रथिन एकच पुरले. त्याच वर्षी त्यांच्या गटाने सायक्लिनच्या सुरुवातीचा तुकडा कापून टाकला. हे लांडे सायक्लिन विकराला चालना देत होते, पण मोडत नव्हते, आणि अर्क विभाजनाच्या अवस्थेतच अडकून पडला. बाहेर पडण्यासाठी सायक्लिनचा नाश आवश्यक आहे, हे त्यातून सिद्ध झाले. कापलेल्या भागातील जो छोटा क्रम या नाशाला कारण ठरतो, त्याला पुढे विनाशपेटी असे अर्थवाही नाव पडले.

खरी गंमत 1993 सालच्या प्रयोगात आहे. न मोडणारे सायक्लिन घातलेल्या अर्कातही गुणसूत्रांच्या जुळ्या अर्धुकांची फारकत नेहमीप्रमाणे होत होती. अडत होते ते फक्त त्यापुढचे. उलट, विनाशपेटी असलेला सायक्लिनचा नुसता तुकडा भरपूर प्रमाणात ओतला, की मोडणारी यंत्रणा त्याच्यातच गुंतून राही आणि फारकतही लांबणीवर पडे. निष्कर्ष उघड होता: अर्धुके वेगळी होण्यासाठी सायक्लिनखेरीज आणखी काहीतरी मोडले जावे लागते, आणि ते त्याच यंत्रणेकडून. पुढे सापडलेल्या त्या प्रथिनाला सिक्युरिन म्हणतात. सिक्युरिन हे सेपरेज नावाच्या कात्रीला धरून ठेवते. सिक्युरिन गेले की कात्री मोकळी होते आणि अर्धुकांना एकत्र बांधणाऱ्या कोहेसिनच्या कड्या कापते.

मोडण्याची पद्धत थोडक्यात सांगतो. ज्या प्रथिनाचा नाश करायचा, त्यावर 76 अमिनो आम्लांचे युबिक्विटिन हे छोटे प्रथिन साखळीने जोडले जाते, आणि ती साखळी ओळखून प्रोटिअसोम नावाची पिंपासारखी रचना त्या प्रथिनाचे तुकडे करते. युबिक्विटिन स्वतः सुटून पुन्हा वापरात येते. या कामासाठी हर्श्को, चिखानोव्हर आणि रोझ यांना 2004 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. विभाजनाच्या वेळी हा शिक्का कोणावर मारायचा हे ठरवणाऱ्या मोठ्या प्रथिनसमूहाचे नाव आहे एपीसी.

एपीसीला मुभा केव्हा द्यायची, यावर पेशीचा कडक पहारा असतो. प्रत्येक गुणसूत्र तर्कूच्या तंतूंना जोडले जाईपर्यंत, न जोडलेल्या गुणसूत्राच्या कायनेटोकोअरपाशी, म्हणजे तंतू जिथे जोडले जातात त्या जागी, मॅड2 सारखी प्रथिने जमतात आणि एपीसीचा साहाय्यक सीडीसी20 याला अडकवून ठेवतात. एकच गुणसूत्र मागे राहिले तरी सगळी पेशी थांबते. सायक्लिनचे ए, बी असे प्रकार आहेत; जिवंत पेशीत चमकणारे सायक्लिन बी पाहणाऱ्यांना असे दिसले, की शेवटचे गुणसूत्र मध्यरेषेवर आले की लगेच ती चमक उतरू लागते. (सायक्लिन ए मात्र या पहाऱ्याला जुमानत नाही, केंद्रकावरण फुटताच ते मोडायला सुरुवात होते. हा अपवाद पाठ्यपुस्तकांत क्वचितच दिसतो, आणि तो दिसायला हवा असे माझे मत आहे.)

फॉस्फेट लावता येतो तसा काढताही येतो, म्हणून केवळ त्यावर विसंबलेली पेशी डळमळत राहिली असती. सिक्युरिन आणि सायक्लिन एकदा गेले, की माघारी फिरण्याचा मार्गच उरत नाही. मग सीडीसी20 ची जागा सीडीएच1 घेतो, आणि नव्या साहाय्यकाच्या हाताखाली एपीसी जुन्या साहाय्यकालाच, म्हणजे सीडीसी20 ला, शिक्का मारून मोडीत काढते. पुढे हाताशी मोडण्यासारखे फारसे उरले नाही, की युबिक्विटिन पुरवणारा तिचा स्वतःचा जोडीदार विकर यूबीसीएच10 हाही त्याच वाटेने जातो. एपीसीचा जोर ओसरतो, आणि सायक्लिन ए पेशीत पुन्हा साचू लागते.