हॅम्बुर्गमध्ये कामावरच्या माणसांचे फोटो: माझा अनुभव

जर्मनीत अनोळखी माणसांचे, तेही कामात असलेल्यांचे फोटो काढायचे असतील तर लोक आधी कायद्याची भीती घालतात. कायद्याने मला फारसं अडवलं नाही. अडवलं ते एका कंपनीच्या मुख्य कार्यालयाने, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

कायदा थोडक्यात सांगते. 1898 मध्ये जर्मनीचा माजी चान्सलर बिस्मार्क हॅम्बुर्गजवळ फ्रीड्रिशरूला वारला. त्या रात्री दोन फोटोग्राफर घरात शिरले आणि त्यांनी मृतदेहाचा फोटो काढला. त्यावरून गदारोळ झाला आणि पुढे 1907 च्या कायद्यात माणसाचा स्वतःच्या छायाचित्रावरचा हक्क नोंदला गेला. कलम 22 म्हणतं, संमतीशिवाय कुणाचा फोटो प्रसिद्ध करायचा नाही. कलम 23 मध्ये सवलती आहेत: मोर्चा, मिरवणूक, किंवा एखाद्या दृश्यात माणूस सहज आला असेल तर. पण भट्टीसमोरचा बेकर सहज आलेला नसतो, फोटो त्याचाच असतो. शिवाय मे 2018 पासून युरोपचा डेटा संरक्षण कायदाही आहे. म्हणून एका पानाचं संमतीपत्र जर्मनमध्ये तयार ठेवा. फोटो कुठे दाखवणार ते त्यात स्पष्ट लिहा, आणि संमती मागे घेता येते हेही.

माझं घोडं अडलं ते घराजवळच्या बेकरीत. मोठ्या साखळीतली, नाव लिहीत नाही. पहाटे तिथला वयस्क बेकर वेताच्या टोपल्यांतून राय या धान्याच्या पिठाचे गोळे फळीवर उलटे करायचा, गोळ्यांवर टोपलीच्या वळ्या जशाच्या तशा उमटलेल्या. कोपरापर्यंत पीठ, मनगटाच्या वर भट्टीच्या कडेने भाजल्याचे जुने आडवे डाग. मी विचारलं, तो लगेच तयार झाला, सही करायलाही.

पण जागा कंपनीची, त्यामुळे आत फोटो काढायला कंपनीची परवानगी हवी. शाखेच्या बाईंनी मुख्य कार्यालयाकडे पाठवलं, त्यांनी जनसंपर्क विभागाकडे. तिथून फॉर्म आला: कोणत्या माध्यमासाठी? मी लिहिलं, कोणत्याच नाही, स्वतःसाठी आणि जमलं तर छोट्या प्रदर्शनासाठी. त्यांच्या रकान्यात हे उत्तर बसेना. मग कळलं की कामगार प्रतिनिधींचीही मान्यता लागेल. ही अट मला पटते. साहेबाच्या देखत नोकर ‘नाही’ कसं म्हणणार? पण प्रतिनिधींपर्यंत माझा अर्ज कधी पोचलाच नाही. अर्ज पाहणाऱ्या बाई उन्हाळी सुटीवर, त्यांच्याकडून आपोआप येणारं उत्तर, मग त्यांच्या जागी नवे गृहस्थ आणि तोच फॉर्म पुन्हा. इकडे मी पाव घ्यायला गेले की बेकर विचारायचा, “मग, कधी?” मला उत्तर देता यायचं नाही. शेवटी दोन ओळींचा नकार आला: स्वच्छतेच्या कारणास्तव. टोपी, कोट, बुटांवरची पिशवी, सगळं घालायची तयारी मी पहिल्याच पत्रात लिहिली होती! ज्याचा चेहरा त्याची हरकत नव्हती, आणि ज्यांनी त्याला कधी पाहिलंही नसेल त्यांनी ठरवलं.

मग मी त्यालाच विचारलं, शिफ्ट संपल्यावर रस्त्यावर उभे राहाल का? राहिला. कंपनीचा एप्रन काढून, हात न धुता. फोटो मोठ्या आकारात छापून दिला, बायकोला दाखवतो म्हणाला. मला फार बरं वाटलं.

तेव्हा माझं ऐका, मालक स्वतःच काम करतो तिथून सुरुवात करा: चांभार, सायकल दुरुस्तीवाला, शिंपी. तिथे होकार किंवा नकार जागच्या जागी मिळतो. कॅमेरा पिशवीतून काढायच्या आधी बोला, अहोजाहो करा, गिऱ्हाईक असेल तर थांबा.

रविवारी पहाटेच्या फिशमार्केटवर, 1703 पासून भरतो तो, ट्रकवरून ओरडून मासे विकणाऱ्यांना कॅमेरा आवडतो. ते स्वतःच बोलावतात, तरी फोटो प्रसिद्ध करण्याआधी विचारायचं. मागे खोकी उचलणारे मात्र तोंड फिरवतात. का, ते विचारू नका, कुणाच्या कागदपत्रांची काय अडचण असेल सांगता येत नाही. त्यांच्या नुसत्या हातांचाही फोटो नको, गोंदणावरून माणूस ओळखता येतो.

आणि हो, मोठ्या कंपनीत जायचंच असेल तर जून-जुलैमध्ये अर्ज करू नका.