हजार यार्डांसाठी काडतूस निवडताना

हजार यार्ड, म्हणजे सुमारे ९१४ मीटर अंतरावरच्या बेंचरेस्ट (रायफल बाकावरच्या टेकूवर ठेवून नेमबाजी करण्याच्या) स्पर्धेसाठी सर्वांत दमदार काडतूस घ्यावे, असे वणीकडच्या आमच्या मित्रमंडळींत ठामपणे सांगितले जाते. मला ते पटत नाही. या खेळात गोळ्यांचा पुंजका किती लहान पडतो याला महत्त्व असल्याने, धक्का जितका कमी, तितकी रायफल टेकूवर दरवेळी सारखीच मागे सरकते.

पाल्मिसानो आणि पिंडेल यांनी १९७५ मध्ये घडवलेले ६ पीपीसी हे काडतूस १०० व २०० यार्डांवर अजोड असले, तरी १०५ ग्रेन (सुमारे ६.८ ग्रॅम) वजनाच्या लांब, सडपातळ गोळीला हवा तेवढा वेग देण्याइतकी बंदुकीची दारू त्याच्या लहान कवचात मावत नाही. माझा कल ६ डॅशर या काडतुसाकडे आहे: ६ बीआर या काडतुसाच्याच कवचाचा खांदा (मानेकडे निमुळता होणारा भाग) पुढे सरकवून त्यात थोडी अधिक जागा केलेली असते आणि आतल्या खाचांचा आठ इंचांत एक पूर्ण पीळ असलेल्या नळीतून ही गोळी नीट स्थिरावते. ६.५-२८४ या काडतुसाची गोळी वाऱ्याने कमी ढळते हे खरे, पण ते काडतूस नळीचा घसा (गोळी जिथून खाचांत शिरते तो भाग) फार लवकर जाळते, आणि नळी बदलण्याचा तो खर्च शेतीच्या उत्पन्नावर कोण पेलणार?

आपल्याकडे वैशाखात पारा ४५ अंशांपुढे जातो. तापलेली दारू अधिक दाब व वेग निर्माण करते आणि तापलेल्या नळीत रेंगाळलेल्या काडतुसाची गोळी लक्ष्यावर वर लागू शकते. म्हणून कवचाइतकाच विचार मी वार्गेटसारख्या, तापमानाने कमी बदलणाऱ्या दारूचा करतो.