जाळी, ॲसिड आणि अर्धा तास बुडबुडे

मे महिन्यातलं नागपूर, बाहेर पारा ४५ वर. ॲसिटोन ५६ अंशांना उकळतं, त्यामुळे बाटली उघडली की अर्धं हवेतच जातंय असं वाटतं! विद्युतप्रवाह मोजायच्या प्रयोगात इलेक्ट्रोड म्हणून लागणारी निकेलची जाळी कात्रीनं कापली, दहा मिनिटं ॲसिटोनमध्ये सोनिकेट केली, म्हणजे ध्वनिलहरींनी हलवून स्वच्छ केली, मग सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये. ऑक्साइडचा थर सुटला की द्रावणाला हिरवट झाक येते. ती बघायला मला अजूनही आवडतं. जाळी धरायची ती चिमट्यानंच.

खरी कटकट नायट्रोजनची. मोजमापाआधी द्रावणातला ऑक्सिजन हाकलायला नळीनं त्याचे बुडबुडे सोडावे लागतात. काल घाईत पाच मिनिटांतच नळी काढली, तर आलेखात विरघळलेल्या ऑक्सिजनमुळे येणारा विद्युतप्रवाह हजर. आज पूर्ण अर्धा तास बुडबुडे सोडले; मोजमाप सुरू करताना नळी द्रावणाच्या वर ओढून घेतली. तेवढ्यात लॅबमधले काका म्हणाले, "मॅडम, चहा?"

"आणा ना काका, पण बाहेरच ठेवा."