ताई मला मशीन म्हणाली

परवा फोनवर ताई म्हणाली, तू ना, अगदी मशीन आहेस. भांडण वगैरे नव्हतं, बँकेच्या कागदांचं बोलणं चाललं होतं, मी म्हटलं फॉर्म भरून झालेत, तुझ्या सह्या तेवढ्या राहिल्यात, तर ती गप्पच झाली आणि मग हे. नंतर तिनेच विषय बदलला. दादाचं निघालं, त्यावर आत्ता नको.

पण डोक्यातून जातच नाहीये. बाबा गेल्यावर सगळे रडत होते म्हणून फॉर्म मी भरले, कुणीतरी भरायलाच हवे होते ना, आणि आता दगड कोण तर मी.

झोप येईना म्हणून फिलिप के. डिकची 1968 ची ती अँड्रॉइडची, म्हणजे हुबेहूब माणसासारख्या यंत्रमानवांची, कादंबरी परत काढली, जिच्यावरून ब्लेड रनर सिनेमा आला. पूर्वी नुसती पाठलागाची गोष्ट म्हणून वाचलेली. त्यात अँड्रॉइड इतके हुशार झालेत की अकलेवरून ओळखूच येत नाहीत, म्हणून सहानुभूतीची टेस्ट घेतात. गालाला चकती चिकटवायची, डोळ्यावर बारीक प्रकाशझोत आणि मग प्रश्न, बरेचसे प्राण्यांबद्दलचे. वाढदिवसाला कुणी वासराच्या कातड्याचं पाकीट दिलं तर, असे. तोंडाने काय सांगताय याला फारशी किंमत नाही, ते पाठ करता येतं, चेहऱ्यातल्या रक्तवाहिन्या आणि डोळ्याचे स्नायू काय करतात ते मोजतात. रेचेल ही अँड्रॉइड सापडते ती इथेच. बॅग लहान बाळाच्या कातड्याची आहे म्हटल्यावर मोजायच्या यंत्राचा काटा हलतो, पण किंचित उशिरा.

उशिरा. तिथे मी पुस्तक मिटलं.

त्याच कादंबरीत पोलिसांना धास्ती असते की आजारामुळे भावना बोथट झालेली काही खरी माणसंपण या टेस्टमध्ये नापास होतील, आणि नापास म्हणजे मरणच. मागच्या वेळी हे मी भरभर वाचून पुढे गेले असणार. या वेळी वाटलं, ही मीच की. खूप वाईट वाटलं, म्हणजे वाटतंय तर, पण रडू काही येईना.

मग स्टार ट्रेक मालिकेतला डेटा हा अँड्रॉइड आठवला, 1989 चा तो खटल्याचा भाग, डेटा स्टारफ्लीटची, म्हणजे तो ज्या अंतराळ दलात आहे त्याची, मालमत्ता आहे की स्वतःचा मालक. त्याला भावना नाहीत, हे तो स्वतःच सांगतो. तरी राजीनामा देऊन सामान भरताना तो मेडल्स घेतो, कॅप्टन पिकार्डने दिलेलं पुस्तक घेतो आणि वारलेल्या सहकारी ताशाची छोटीशी होलोग्राम प्रतिमा. मेडल्स कशाला घेतलीस विचारल्यावर त्याला कारण सांगता येत नाही, हवी होती एवढंच. माझ्या फोनमध्ये रात्री साडेनऊचा अलार्म आहे, 'बाबा बीपी गोळी'. अजून रोज वाजतो, मी बंद करते, डिलीट करत नाही. मला कोर्टात उभं करून विचारलं तर मीही डेटासारखीच उभी राहीन.

आणि या गोष्टींमध्ये माणूस असल्याचा पुरावा मागणारे असतात कोण? 1818 च्या फ्रँकेन्स्टाइन कादंबरीत माणसाने बनवलेल्या त्या कुरूप जिवाशी म्हातारा आंधळा डी लेसी नीट बोलतो, डोळस मुलगा घरात आला की काठीच घेतो. असिमोव्हच्या कथेतल्या अँड्र्यू या रोबोटला तर माणूस म्हणवून घ्यायला शेवटी मरण पत्करावं लागतं. लोक त्या कथेवर रडतात, मला मात्र तिचा रागच येतो. लाकडावर इतकं सुंदर कोरीव काम करणारा, मालकाच्या मुलीला, त्याच्या छोट्या मिसला, शेवटपर्यंत न विसरलेला तो, अजून काय दाखवायचं होतं त्याने?

रेचेलचा उशीर सेकंदाच्या तुकड्याचा, माझा महिन्यांचा असतो. आजीच्या वेळीही असंच झालं होतं, सगळे सावरून आपापल्या कामाला लागले आणि मग मला आवरेना, तेव्हा सांगायचं तरी कुणाला, सगळ्यांचं होऊन गेलेलं. काटा हलतो माझा, हे मला माहितीये. आता तो लवकर हलावा म्हणून मी काही करू शकत नाही आणि खरं सांगायचं तर करावंसंही वाटत नाहीये.

फक्त या वेळी ताईला आधीच सांगून ठेवणार आहे की माझं अजून व्हायचंय, कधी होईल माहीत नाही, रात्री-अपरात्री फोन आला तर उचल. कागद उद्या कुरिअर करते, त्यातच चिठ्ठी टाकेन, फोनवर मला हे बोलायला जमणार नाही.