तुम्ही विचारलंत म्हणून: डॉलर घासू का?

मी न्यू जर्सीत राहतो आणि मॉर्गन डॉलर, म्हणजे अमेरिकेचे जुने चांदीचे डॉलर, जमवतो, हे कळल्यापासून ओळखीपाळखीचे सगळे एकच विचारतात: "आमच्याकडेही एक जुना चांदीचा डॉलर आहे, काळा पडलाय. घासून लख्ख केला तर किंमत जास्त येईल ना?"

नका घासू. मी घासलाय. माझा पहिला डॉलर 1885 चा. दिवाळीत निरांजन घासावं तसा टूथपेस्ट लावून उजळवला. दुकानदाराने भिंगसुद्धा काढलं नाही. नाणं जरा तिरपं केलं आणि नुसत्या चांदीचा भाव सांगितला.

त्याने काय पाहिलं, ते कळायला मला दोनेक वर्षं लागली. ठसा दाबला जातो तेव्हा धातू मधून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिशय बारीक रेषा उमटतात. नाणं दिव्याखाली फिरवलं की या रेषांमुळे उजेड चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. घासलेलं नाणं चमकतं खरं, पण उजेड जागच्या जागी थिजलेला असतो. काळेपणा हा हवेतल्या गंधकाचा थर. त्याच्याखाली त्या रेषा बहुतेक वेळा शाबूत असतात.

दर्जाची मोजपट्टी 1 ते 70 अशी. 60 पासून पुढे न वापरलेली नाणी. पण न वापरलेलं म्हणजे निष्कलंक नव्हे. हे डॉलर हजार-हजारांच्या पिशव्यांत भरून ठेवत. एकेक 26.73 ग्रॅमचा, म्हणजे पिशवी जवळजवळ 27 किलोची! ती उचलली, आपटली की नाणी एकमेकांना टोचे मारत. म्हणून मी आधी नाण्यावरच्या लिबर्टीचा (स्वातंत्र्यदेवीचा) गाल बघतो. मोठा, गुळगुळीत, तिथे काही लपत नाही.

खरी पंचाईत कानावरच्या केसांची. झीज सुरू होते ती तिथे आणि मागच्या गरुडाच्या छातीवर. पण न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीचे (मागे पुष्पचक्राखाली 'ओ' अक्षर) बरेच डॉलर मुळातच हलके ठोकलेले, त्यामुळे कोऱ्या नाण्यावरही केस सपाट. ओळखायचं कसं? नाणं हळू फिरवा. उजेड त्या सपाटीवरूनही सरकत गेला तर ठसा कच्चा. तिथे करडा, मेलेला डाग दिसला तर झीज. या एका डागावर पैज लावून मी अजूनही हरतो.

जाता जाता एक गंमत. अमेरिकेच्या 1918 च्या पिटमन कायद्याने 27 कोटींवर डॉलर वितळवले गेले आणि त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनमार्फत हिंदुस्थानात रुपये पाडायला आली. आजीच्या डब्यातला 1919 चा राजाछाप रुपया एकेकाळी डॉलर असू शकतो. तोही घासू नका.

आता तुमचा तो काळा डॉलर काढा, बोटं फक्त कडेला लावून एका दिव्याखाली फिरवा, आणि उजेड फिरतो का ते मला सांगा. माझा 1885 चा मी विकलेला नाही. कुणी विचारायला आलं की शेजारी ठेवायला बरा पडतो.