तुम्ही विचारलंत म्हणून: ‘भाऊ, स्पायडरमॅन घेऊ काय?’

नागपूरच्या बर्डीत माझं कॉम्प्युटर जोडून देण्याचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे. रॅम वाढवायला, ग्राफिक्स कार्ड टाकायला आलेली पोरं बिल होईस्तोवर काउंटरला टेकून उभी राहतात आणि हमखास विचारतात, ‘भाऊ, सुपरहिरोचा एखादा ओपन वर्ल्ड गेम खेळायचा आहे. स्पायडरमॅन घेऊ काय? पैसा वसूल आहे ना?’ सोबत आई आली असेल तर तिचा प्रश्न वेगळा असतो: ‘मारामारीचा आहे का हो?’ गर्दी असली की मी ‘घे’ एवढंच म्हणतो. त्या ‘घे’च्या मागे बरंच काही आहे, ते आज नीट सांगतो.

ओपन वर्ल्ड म्हणजे अख्ख्या नकाशावर मनाला येईल तिथे फिरता येतं असा गेम. आधी कोणता, ते. कॅलिफोर्नियातल्या इन्सोम्नियाक गेम्सने केलेला ‘मार्व्हल्स स्पायडर-मॅन’. सोनीच्या प्लेस्टेशन ४ या गेमच्या यंत्रावर तो ७ सप्टेंबर २०१८ला आला आणि पीसीवाल्यांना ऑगस्ट २०२२मध्ये ‘रीमास्टर्ड’ या नावाने मिळाला. मूळ गेमनंतर निघालेल्या तीन जास्तीच्या कथा त्यातच आहेत, त्यांचे वेगळे पैसे पडत नाहीत.

अशा गेमची पारख मी एका गोष्टीवरून करतो. शहराच्या या टोकावरून त्या टोकाला जायचं आहे, वाटेत काहीही काम नाही. तरी जावंसं वाटतं का? बहुतेक ओपन वर्ल्ड गेममध्ये दोन मिशनमधला प्रवास उरकून टाकायचा असतो. घोड्यावर बसा, गाडी पकडा, नाहीतर सरळ फास्ट ट्रॅव्हल करा, म्हणजे नकाशावर जागा निवडून थेट तिथे पोचा. सुपरहिरोच्या गेमला ही सवलत देता येत नाही. त्याची ताकद फक्त मारामारीत दिसत असेल आणि एरवी तो आपल्यासारखाच रस्त्याने धावत असेल, तर सुपरहिरो घेतला कशाला?

या गेममधल्या न्यूयॉर्कमध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या माथ्यावर चढा आणि खाली उडी मारा. काही दाबू नका. खालच्या गाड्या मोठ्या होत येतात, कानात वारा वाढत जातो. रस्ता अगदी अंगावर आला की कंट्रोलरवरचं आर२ हे बटण दाबून धरा. जाळं बाजूच्या इमारतीला जाऊन चिकटतं, अंग गाड्यांच्या टपांवरून सपकन निघून जातं आणि पलीकडे वर उचललं जातं. त्याच क्षणी पार्श्वसंगीतही चढतं. आता सोडायचं कधी, हे तुमच्यावर. झोका तळाशी असताना सोडलं तर पुढे वेग मिळतो, वर टोकाला पोचल्यावर सोडलं तर उंची मिळते. शाळेत लंबकाची स्थितिज आणि गतिज ऊर्जा पाठ केली होती ना, तीच ही. संक्रांतीला गच्चीवर पतंग उडवलेल्या पोराला हे लवकर जमतं, कारण खेच कधी द्यायची आणि ढील कधी, हे त्याच्या बोटांना आधीच ठाऊक असतं. मग एखाद्या टाकीच्या कडेवर पाय टेकताक्षणी बटण दाबून पुन्हा झेप घ्यायची, भिंतीवरून धावायचं, कोपरा वळून गल्लीत शिरायचं. उंचावरून खाली आदळलात तरी मरत नाही. गेम करणाऱ्यांनी ही भीती मुद्दाम काढून टाकली, आणि म्हणूनच पहिल्या दिवशी हात लावणारासुद्धा बिनधास्त उड्या मारत सुटतो.

जाळं खऱ्या इमारतीला चिकटतं, याला महत्त्व आहे. २००२च्या स्पायडरमॅनच्या गेममध्ये ते आभाळात कुठेतरी अडकायचं. २००४मध्ये ट्रेयार्क या कंपनीने केलेल्या ‘स्पायडर-मॅन २’ने ते पहिल्यांदा इमारतींना बांधलं, आणि जुने खेळाडू आजही त्या गेमचं नाव काढतात ते त्यासाठीच. इन्सोम्नियाकने तीच वाट पुढे नेली. इमारत असेल तिथे तुम्ही राजे. सेंट्रल पार्कमध्ये शिरलात की फक्त झाडं उरतात, झोके तोकडे होतात, जीव मेटाकुटीला येतो. नदीवर तर धरायलाच काही नाही. ‘भाऊ, नागपूरचा असा गेम कधी येणार?’ असं पोरं विचारतात तेव्हा मी म्हणतो, वर्धा रोडच्या डबलडेकर पुलाखालून मेट्रोचे खांब धरत मजेत जाशील, पण फुटाळा तलावाला पोचलास की पायी चालावं लागेल. ते हसतात, पण मुद्दा त्यांना कळतो. कशाला धरून जाता येतं आणि कुठे येत नाही, यातून शहराला आकार येतो. दहा-बारा तास खेळल्यावर मॅनहॅटनचे भाग तुम्ही नकाशा न बघता ओळखता.

सुपरमॅनचा असा गेम का जमला नाही, हा पोटप्रश्नही नेहमी येतो. त्याचं उत्तर यातच आहे. १९९९चा निन्टेन्डो ६४ या यंत्रावरचा सुपरमॅन हवेतल्या कड्यांमधून उडत राहिला आणि वाईट गेमचं उदाहरण म्हणून कायमचा बदनाम झाला. २००६च्या ‘सुपरमॅन रिटर्न्स’मध्ये मात्र कल्पना छान होती. सुपरमॅनला काहीच होत नाही, म्हणून त्याच्या जिवाची पट्टी नाही, शहराच्या जिवाची आहे. शहर मोडलं की तुम्ही हरलात. मला ती कल्पना आजही फार आवडते. पण जो कशालाही न धरता सरळ उडतो, त्याला खालचं शहर लागतच नाही. स्पायडरमॅनला प्रत्येक झोक्याला एक भिंत लागते.

आता थोडं माझ्या धंद्याच्या अंगाने. एवढ्या वेगाने शहरातून जायचं तर पुढचे रस्ते तेवढ्याच वेगाने डिस्कवरून उचलून समोर ठेवावे लागतात, आणि प्लेस्टेशन ४मध्ये फिरती हार्ड डिस्क होती. तिचं हेड, म्हणजे माहिती वाचणारा भाग, इकडून तिकडे जाण्यातच वेळ खातं. प्लेस्टेशनच्या हार्डवेअरची रचना करणारे मार्क सर्नी यांनी मार्च २०२०च्या भाषणात याच गेमचं उदाहरण दिलं होतं. टपालपेट्या, वर्तमानपत्रांचे स्टँड असल्या जागोजागी दिसणाऱ्या काही वस्तूंची माहिती डिस्कवर ४००पर्यंत वेळा लिहिलेली होती. प्रत्येक वस्तीच्या माहितीशेजारी तिची आपली प्रत, म्हणजे हेडला लांब जायला नको. तुम्ही आर२ सोडून हवेत असता तेव्हा खाली ही एवढी धावपळ चालू असते. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हात जोडून सांगतो की हा गेम एसएसडीवरच टाका, म्हणजे फिरता भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर.

मारामारीबद्दल. २००९च्या ‘बॅटमन: अर्कहॅम असायलम’ने एकट्याने दहा जणांशी लढायची जी पद्धत घालून दिली, ती इथेही दिसते. फरक असा की बॅटमन जागेवर पाय रोवून समोरच्याचा वार उलटवतो, तर हा जागेवर थांबतच नाही. डोक्याभोवती पांढऱ्या रेघा दिसल्या की बाजूला सरकायचं, चौकोनाचं बटण दाबून धरून एकाला हवेत उचलायचं, वरच्या वर आणखी दोघांना जाळ्यात गुंडाळायचं. तुम्हाला उडण्यापेक्षा ठोसे आवडत असतील तर २०११चा ‘अर्कहॅम सिटी’ आधी घ्या. तो जुन्या मशीनवरही चालतो आणि त्याची लढाई याच्यापेक्षा जास्त वजनदार आहे.

ज्या आया मारामारीचं विचारतात, त्यांना मी स्क्रीनवर एकच गोष्ट दाखवतो. गच्चीवरच्या गुंडाला लाथ मारून कठड्याबाहेर फेका आणि मग कडेवर जाऊन खाली वाकून बघा. तो भिंतीला जाळ्याने चिकटलेला लोंबकळत असतो. तुम्ही काही केलेलं नसतं, गेम ते आपणहून करतो. हा माणूस कोणाला मारत नाही, आणि खेळणाऱ्याच्या हातूनही ते होऊ देत नाही. तरी अगदी लहान मुलांसाठी तो नाही. ठोसे आहेत, बंदुका आहेत, आणि कथेत काही मृत्यू असे आहेत की मोठ्या माणसालाही जड जातात. युरोपात त्याला १६ वर्षांवरचा शिक्का आहे. आठवी-नववीतल्या पोराला घेऊन देणार असाल तर पहिले काही तास शेजारी बसा, तुम्हालाही आवडेल.

कारण यातला पीटर पार्कर आवडण्यासारखाच आहे. तो २३ वर्षांचा आहे, मुखवटा घालून आठ वर्षं झालेली आहेत आणि घरभाडं थकलेलं आहे. त्याची मे काकू बेघरांच्या आसऱ्याच्या जागी राबते आणि तो तिथे हातभार लावायला जातो. रस्त्यावर उतरलात तर लोक ओळखतात. एखाद्याला टाळी देता येते, कोणी सेल्फी मागतं. फास्ट ट्रॅव्हल केलंत तर तो पोशाखासकट भुयारी रेल्वेत बसलेला दिसतो, कधी पेंगत, कधी शेजाऱ्याबरोबर अवघडून. आवाजाचं कामही ऐका. युरी लोवेन्थाल या कलाकाराकडून पुष्कळ संवाद दोनदा बोलून घेतले आहेत, एकदा शांत उभं असताना आणि एकदा दम लागलेला असताना. फोनवर बोलता बोलता तुम्ही झोका घेतलात की वाक्याच्या मधेच आवाज बदलतो. बहुतेकांच्या हे लक्षातही येत नाही. ज्यांनी ते केलं त्यांनी मात्र स्टुडिओत दुप्पट वेळ दिला आहे, आणि मला अशा कामाविषयी फार आदर आहे.

खटकतं तेही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल भाऊ नुसता विकून राहिला. पीटरची मैत्रीण मेरी जेन आणि माईल्स नावाचा पोरगा यांच्या लपतछपत जाण्याच्या मिशन येतात तेव्हा गेमची हवा जाते. मघापर्यंत आभाळात असलेला माणूस अचानक खोक्यांमागे दबकून बसतो, आणि कोणी पाहिलं की पुन्हा पहिल्यापासून. नकाशा खुणांनी भरून जातो. रस्त्यावरचे गुन्हे चार-पाच साच्यांतले आहेत, तिसऱ्यांदा तीच गाडी थांबवताना उत्साह राहत नाही. जास्तीच्या कथांमध्येही गुंडांचे तळ उडवण्याची कामं तशीच उगाळली आहेत. माझं ऐकाल तर या सगळ्या खुणा पुऱ्या करायच्या फंदात पडू नका. शहरभर लपवलेल्या पीटरच्या जुन्या बॅगा तेवढ्या शोधा. प्रत्येकीत त्याच्या आयुष्यातली एखादी वस्तू सापडते आणि तो तिच्याबद्दल दोन शब्द बोलतो. बाकीचं वाटेत आलं तर करा.

पुढचे भाग हवे असतील तर क्रम सोडू नका. २०२०चा ‘माईल्स मोरालेस’ लहान आहे, न्यूयॉर्कच्या बर्फातल्या हार्लेम वस्तीत घडतो आणि त्यातली माईल्सची विजेची ताकद लढाईला मजा आणते. परीक्षा तोंडावर असेल तर हाच बरा, लवकर संपतो. इन्सोम्नियाकचाच ‘स्पायडर-मॅन २’ (२००४चा तो नव्हे) प्लेस्टेशन ५वर २० ऑक्टोबर २०२३ला आला, पीसीवर ३० जानेवारी २०२५ला. त्यात ब्रुकलिन आणि क्वीन्सही आहेत, आणि काखेतून पंख उघडून तरंगता येतं. तो दिसायला देखणा आहे, पण माझं मन पहिल्यातच आहे. पंख मिळाले की झोक्याची गरज कमी होते, आणि शेवटाकडे कथा घाईत येते. एक गोष्ट मात्र त्यांनी उत्तम केली. झोक्याला गेमने किती मदत करायची, ते सेटिंगमध्ये कमी करता येतं. ती पूर्ण शून्यावर आणा, मग लंबक खरा कळेल.

राहिला मशीनचा प्रश्न. २०१८च्या गेमच्या पीसी आवृत्तीला कमीत कमी जीटीएक्स ९५० ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी रॅम आणि ७५ जीबी जागा लागते. म्हणजे बऱ्याच जणांचं जुनं मशीन चालेल, फक्त रे ट्रेसिंग (खऱ्यासारखी प्रतिबिंबं दाखवणारं सेटिंग) बंद ठेवा, ते प्रोसेसरलाही दमवतं. दुसऱ्या भागाला जीटीएक्स १६५०, १६ जीबी रॅम आणि एसएसडीवर १४० जीबी जागा हवी. कीबोर्डवर खेळता येतो, पण साधा का होईना कंट्रोलर घ्या, आर२ दाबून सोडण्यातच तर सगळं आहे. पूर्ण किमतीला घेऊ नका, जूनच्या शेवटी नाहीतर डिसेंबरात स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानाचा सेल लागतो. क्रॅक, म्हणजे चोरीची प्रत, टाकून मागू नका, मी टाकून देत नाही.

आणि मे महिन्यात खेळणार असाल तर कॅबिनेट कूलरच्या तोंडासमोर ठेवू नका. गार हवा लागेल म्हणून लोक ठेवतात, आणि ओलसर हवा नि धूळ मिळून फॅनवर लगदा बसतो. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, मागची जाळी साफ करा. आपलं कार्ड कोणतं हे माहीत नसेल तर स्क्रीनवरच्या माहितीचा फोटो काढून आणा, मी दोन मिनिटांत सांगतो. दुपारी दोन ते चार दुकानात गर्दी कमी असते, तेव्हा या. माझ्या मशीनवर एक झोका घेऊन बघा आणि मग ठरवा.